ऊन ऊन घडी

इस्त्री करताना आबांचे डोळे अर्धवट मिटलेले असत. नवख्या गिऱ्हाइकाला वाटे, म्हातारा उभ्या उभ्या डुलक्या घेतोय, आता आपल्या शर्टाची काही धडगत नाही. पण हात जागा असे. ओलसर कापडावरून इस्त्री फिरे, वाफ वर येई, आणि त्या वाफेतून आबा कुठल्या कुठे निघून जात. कॉलरपाशी जरा परत येत, बाहीच्या टोकाला पुन्हा नाहीसे होत.

"बाबा, आहात का?" काउंटरवरून त्यांची मुलगी विचारी.

"आहे, आहे," म्हणत ते घडी घालत. घडी मात्र अशी घालत, की कागदाच्या कडेनंही लाजावं.

लाँड्री बापलेक मिळून चालवत. आबा धुणं आणि इस्त्री बघत, मुलगी गिऱ्हाइकं आणि घरपोच कपडे. जावई दूरच्या एका बंदरावर क्रेन चालवत आणि सुट्टी मिळाली की येत. आबांची बायको गेल्यापासून मुलगी माहेरीच राहिली होती. बाबा एकटे पडतील, एवढं एकच कारण होतं त्याला. आणि ते कारण घरात कुणी कधी मोठ्यानं बोललं नव्हतं.

नात झाली तेव्हा ती शर्टाच्या गुंडीएवढीच दिसत होती, असं आबांचं म्हणणं. म्हणून तिला गुंडी म्हणू लागले आणि तेच चिकटलं. खरं नाव दवाखान्याच्या कार्डावर उरलं. गुंडी इस्त्रीच्या टेबलाखाली झोपे. टेबलावर अंथरलेली जाड चादर दोन्ही बाजूंनी खाली लोंबत असे, त्यामुळे आत आपोआप तंबू झाला होता. त्या तंबूत, धुतलेल्या कपड्यांच्या मऊ ढिगावर, ती तासन्‌तास निजे. वर आबा, खाली नात; दोघंही आपापल्या स्वप्नात. मधे फक्त एक फळी.

मग गुंडी चालू लागली.

एका सकाळी ती तंबूतून बाहेर आली आणि समोर लोंबणारी वायर तिनं दोन्ही हातांनी ओढली. इस्त्री तिच्यापासून हातभर अंतरावर पडली. फरशीवर काळा त्रिकोण उमटला. मुलीनं लेकीला उचललं, तिची बोटं एकेक करून पाहिली, आणि मग तिला घेऊन कपड्यांच्या बोचक्यावर बसली.

संध्याकाळी जेवताना ती म्हणाली, "बाबा, असं चालणार नाही."

"नाहीच चालणार," आबा म्हणाले.

"गल्लीच्या टोकाला पाळणाघर आहे. तिथं ती रमली तर ठीक. नाही रमली, तर मी तिला घेऊन तिच्या बाबांकडे जाते. त्यांना तिकडे आता घरही मिळालंय. निदान घरात तापलेलं लोखंड तरी नाही."

"हो, हो. तिचं भलं ज्यात असेल ते," आबा म्हणाले, आणि पाण्याचा पेला उगाचच उचलून पुन्हा होता तिथेच ठेवला. जाऊ नका, असं म्हणावं असं त्यांना फार वाटलं. पण आपल्यासाठी लेकरानं विस्तवापाशी राहावं, असं म्हणायला तोंड कसं उघडणार?

पाळणाघर पूर्वी छापखाना असलेल्या जागेत होतं. चालवणाऱ्या बाई उंच, सावकाश बोलणाऱ्या आणि सदा काहीतरी हुंगणाऱ्या. हाताखाली एक मावशी. त्या स्वयंपाक करत आणि मुलांची नाकं पुसत. भिंतीवर घड्याळ होतं, पण मुलांना घड्याळ काय कळतंय? म्हणून तिथला दिवस वासांवर चाले. मुलं आली की लिंबाची सालं टाकलेल्या कोमट पाण्यात हात बुडवायचे. मग खेळ: एका परातीत ओली माती, दुसरीत वाळकी पानं, तिसरीत कोंडा, एकीत नुसता साबणाचा फेस. जेवणाआधी प्रत्येकाच्या तळहातावर पुदिन्याचं पान ठेवायचं आणि ते दोन हातांत चुरायचं. पुदिना आला, की न सांगता पोरं ताटांपाशी येऊन बसत. आणि झोपेसाठी प्रत्येकाचा आपला आपला पत्र्याचा डबा. डब्यात घरून आणलेलं एक फडकं. झोपताना झाकण उघडायचं, फडकं गालाखाली ठेवायचं, की मूल घरी पोचलंच म्हणा.

"तेवढं एक फडकं द्या, आजोबा," पहिल्या दिवशी बाई म्हणाल्या. "आईच्या अंगावरचं असलं तर उत्तमच. फक्त एक करा. धुऊ नका."

"बरं," आबा म्हणाले.

"आणि हे आधीच सांगून ठेवते. महिनाअखेरपर्यंत बघू. दुपारी एक मूल जागं राहिलं, की ते बाकीच्या सगळ्यांना उठवतं. मग माझं पाळणाघर राहत नाही, त्याचा मासळीबाजार होतो."

मुलीनं आपला निळा स्कार्फ काढून दिला. आबांनी तो उजेडात धरला. काठाला घामाची पिवळट रेघ, मधोमध कसलासा डाग. हा कपडा असाच नेऊन द्यायचा? त्यांच्या हातून? आजवर या दुकानातून मळका कपडा बाहेर गेला नव्हता. बाई म्हणाल्या 'धुऊ नका', हे खरं. पण त्या संकोचानं म्हणाल्या असतील. आपण कुणाकडे जायला निघालो, की ते म्हणतात ना, 'काही आणू नका हं!' म्हणून काय कुणी रिकाम्या हातानं जातं?

सकाळी उठल्या उठल्या आबांनी स्कार्फ धुतला. हलकीशी खळ दिली. इस्त्री केली, घडी घातली, गार होऊ दिली, पांढऱ्या कागदात गुंडाळली, आणि छाती पुढे काढून पाळणाघरात नेऊन दिली.

गुंडी झोपली नाही.

ती रडलीही नाही. गादीवर ताठ बसून राहिली, डोळे टक्क उघडे, राखणीला बसवल्यासारखी. तिसऱ्या प्रहरी मात्र झोप डोक्यात चढून तिनं असा भोंगा काढला, की सगळी खोली उठून बसली. दुसऱ्या दिवशी तेच. त्यानंतरही तेच. आबा रोज संध्याकाळी स्कार्फ घरी आणत, आणि रोज सकाळी पुन्हा धुऊन नेत. मूल झोपत नाही म्हणजे धुण्यातच काही राहतंय, असं वाटून एकदा त्यांनी तो दोनदा खळबळून काढला.

शेवटी एका संध्याकाळी बाईंनी गुंडीच्या आईसमोरच डबा उघडला आणि नाक आत घातलं. "तुमच्या घराला वास नाही का हो? मला तर नुसता साबण लागतोय."

मुलीनं बापाकडे पाहिलं. बाप छताकडे पाहत होता.

"बाबा!"

"जरासा पाण्यातून काढला होता."

"पाण्यातून काढला? हा स्कार्फ इतका निळा मी घेतला तेव्हाही नव्हता!" ती रस्ताभर बोलत होती. "तुमचं चाललं तर तुम्ही पावसालासुद्धा पिळून वाळत घालाल. अहो, लेकराला आई हुंगायची होती. तुम्ही आईलाच धुऊन काढलंत."

आबांचं चुकलं होतं, आणि त्या चुकीपायी महिन्याचे चांगले अर्धे दिवस वाया गेले होते.

आता मुलीनं दिवसभर गळ्यात घातलेला स्कार्फ तसाच दिला. आबांनी तो कोटाच्या आत लपवून नेला, चोरीचा माल न्यावा तसा. वाटेत दोन गिऱ्हाइकं भेटली, तर तिसरीकडेच बघत पुढे गेले. बाईंनी डबा हुंगला आणि खूश झाल्या. "आता कसं! आता ही झोपतेच बघा."

गुंडी झोपली नाही. स्कार्फ तिनं ओळखला, गालाशी धरला, "आई" म्हणाली, आणि आई कुठे आहे ते बघायला दाराशी जाऊन उभी राहिली.

हे ऐकलं त्या संध्याकाळी मुलीनं माळ्यावरची मोठी बॅग खाली काढली. "नुसती झाडून ठेवतेय," ती म्हणाली. आबा म्हणाले, "झाड, झाड. धूळ बसते." मग ते दुकानात गेले आणि इस्त्री केलेल्याच एका शर्टाला पुन्हा इस्त्री करत बसले.

महिना संपत आला, तेव्हा बाईंनी निरोप पाठवला: आजोबांनी एक दिवस इथेच येऊन बसावं. घरचं माणूस जवळ असलं तर कदाचित मूल सैल पडेल.

आबा गेले. एवढ्याशा खुर्चीत त्यांना बसवलं, तेव्हा गुडघे हनुवटीला लागले. सगळ्यांबरोबर त्यांनीही लिंबाच्या पाण्यात हात बुडवले. कोंड्याच्या परातीत त्यांची बोटं गेली आणि तिथेच राहिली. कोंडा इतका मऊ, इतका निमूट, की हात काढून घ्यावासा वाटेना. भोपळा नावाचा एक गुटगुटीत मुलगा शेजारी येऊन त्यांच्या मनगटापर्यंत कोंडा ओतू लागला, आणि आबांना वाटलं, आपण हळूहळू पुरले जातोय आणि आपली काही तक्रार नाही.

मग बाईंनी कापडाच्या छोट्या पिशव्या आणल्या. तोंड बांधलेलं, आतलं दिसत नाही, फक्त हुंगायचं. "डोळे मिटा," त्या म्हणाल्या, "आणि कुठे गेलात ते सांगा."

भोपळ्यानं एक पिशवी नाकाला लावली. "मी बाबांच्या गाडीत."

"मी पाण्यात," वेण्यांवाली एक मुलगी म्हणाली. "खोल. पण बुडले नाही."

आबांच्या हातात आली त्या पिशवीत पेन्सिलीची टरफलं असावीत. त्यांनी डोळे मिटले मात्र, शाळेतल्या बाकाचा गुळगुळीत कोपरा बोटांना लागला, खिडकीबाहेर कुणीतरी पायरीवर पाण्याची बादली ठेवल्याचा आवाज झाला, आणि शेजारी बसलेल्या मित्राचा खांदा त्यांच्या खांद्याला टेकला. त्या मित्राचं नाव आठवेना. खांदा मात्र जसाच्या तसा.

"आजोबा, कुठे गेलात?" बाईंनी विचारलं.

"इथेच आहे, इथेच आहे," सवयीनं आबा म्हणाले, आणि पोरं खदखदून हसली.

गुंडीनं प्रत्येक पिशवी हुंगली आणि परत केली; डाग निघाला नाही म्हणून गिऱ्हाईक कपडा परत करतं, तशी, न बोलता.

पुदिना झाला, जेवणं झाली. पडदे ओढले, डबे उघडले. एकेक मूल आडवं झालं. खोलीभर वीसेक घरं एकमेकांत मिसळून तरंगू लागली: कुठे तेल, कुठे धूर, कुठे औषध, कुठे कुणाच्या आईची पावडर. आबांनाच पेंग येऊ लागली. गुंडी मात्र गादीवर ताठ. आबांकडे बघत.

माझ्यामुळेच जागी आहे, आबांच्या मनात आलं. मी हललो तर बरं. ते चवड्यांवर चालत बाहेर, स्वयंपाकघरात गेले. मावशी भांडी पुसत होत्या. कोपऱ्यात धुतलेले पडदे ढीग करून टाकलेले होते, चुरगळलेले, कोपरे पिळवटलेले. आबांनी नजर फिरवली. नजर परत तिकडेच गेली.

"मावशी," ते कुजबुजले, "इस्त्री आहे का?"

"अहो आजोबा, एक दिवस तरी!"

"नुसतं बसवत नाही हो. उद्या काय होणार ते दिसतंय. हाताला काहीतरी हवं."

मावशींनी उंच फळीवरची जुनी इस्त्री काढून दिली आणि दाराला वरची कडी घालायला गेल्या. पण दार जुनं, फुगलेलं. कडी बसेना, बोटभर फट राहिलीच. आबांनी ओट्यावर चादर अंथरली, पडद्यावर पाणी शिंपडलं आणि इस्त्री टेकवली. वाफ उठली. त्यांचे डोळे आपोआप मिटत आले. उद्या बाई सांगतील, परवा गाडीची तिकिटं येतील, त्यानंतर काउंटरवरून 'आहात का' असं कुणी विचारणार नाही. आणि विचारलं नाही, तर आपण खरंच कुठेतरी जाऊ आणि परत यायचं राहून जाईल. पडद्याचा काठ आला. ते वळले. दुसरा पडदा घेतला.

खांद्यावर हात पडला. बाई होत्या.

मुलांच्या घरात तापलेली इस्त्री! आबांनी घाईनं वायरीकडे हात नेला. "चुकलो, बाई, मी आपला—"

"बंद करू नका," बाई ओठांवर बोट ठेवून म्हणाल्या. "आणखी एक पडदा होऊ द्या. आधी इकडे या."

त्यांनी आबांना दाराच्या फटीपाशी नेलं. गुंडी कुशीवर कलंडली होती. तोंड उघडं, एक पाय गादीबाहेर, बाहीचं टोक मुठीत.

"मघाशी पहिली वाफ आली ना, तेव्हा तिनं नाक असं वर केलं," बाई सांगू लागल्या. "मी बघत होते. मग जांभई दिली. मग बसल्या बसल्या डोलली आणि पडलीच. आजोबा, ही घरी झोपते कुठे?"

आबा ओशाळले. "टेबलाखाली."

"कुठल्या?"

"इस्त्रीच्या."

बाई तोंडावर पदराचं टोक धरावं तसा तळहात धरून हसू लागल्या, आवाज न करता, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "आणि मी आईचा वास मागत बसले! बरं, पण इस्त्री इथे रोज ठेवायची नाही हं. तिच्यापासून लांब म्हणूनच तर ती इथे आली."

"नको, नको," आबा म्हणाले. "मी आणीन. वास तेवढा आणीन."

संध्याकाळी मुलीला हे सांगताना त्यांना धड सांगताच येईना. मधेच सुरुवात, शेवट आधी. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे माझ्यापेक्षा तिला इस्त्री बरी! जन्म मी दिला." पण तसं म्हणताना तिचा आवाज बदलला होता, आणि दोन दिवसांनी आबांच्या लक्षात आलं, की बॅग खाली कुठे दिसत नाही.

त्या दिवसापासून दुपार झाली, की आबा हातातलं काम बाजूला ठेवत. सुती फडक्यावर पाणी शिंपडत, इस्त्री दाबत, आणि ऊन ऊन घडी चटकन डब्यात टाकून झाकण लावत. डबा लोकरीच्या शालीत, शाल कोटात. छातीशी ती ऊब धरून ते गल्लीतून निघत. थंडीचे दिवस होते. लोकांच्या तोंडातून वाफा निघत, कुत्री उन्हाचे तुकडे शोधून त्यावर पडलेली असत, आणि आबांना वाटे, या सगळ्या गार गल्लीतून आपणच एक पेटता दिवा घेऊन चाललोय, आणि तो कुणाला दिसत नाही.

"काय आबा, डब्यात काय?" कोपऱ्यावरचा चांभार विचारी.

"झोप."

"आम्हालाही ठेवा थोडी!"

"तुला कशाला? तू दिवसभर तेच करतोस."

डबा उघडला, की गुंडी फडक्यात नाक खुपसे आणि आबांनी दारापर्यंत पोचावं तोवर झोपलेली असे. असे बरेच दिवस गेले. मग एकदा बाई म्हणाल्या, "आजोबा, आता जरा सावकाश येत चला."

"म्हणजे?"

"थोडं गार होऊ द्या. रोज थोडं जास्त. नाहीतर तुम्ही किती दिवस धावणार? आणि तिलाही तुमच्या वाफेवाचून झोपता यायला हवं ना?"

हवं, हे आबांना पटलं. पटून कुठेतरी वाईटही वाटलं, तेही त्यांनी पटवून घेतलं. ते लांबच्या वाटेनं जाऊ लागले. बाकावर बसू लागले. कोटाची बटणं उघडी ठेवू लागले. शाल घरी राहिली. डबा रोज आधीपेक्षा जरासा निवलेला पोचे, आणि गुंडी तरीही झोपे, जरा उशिरा, जरा चुळबुळ करून, पण झोपे. आपल्या हातानं आपली गरज कमी करायची, हे काम इस्त्रीपेक्षा नाजूक होतं. सुरकुती राहू द्यायची, पण किती, हे ज्याचं त्याला ठरवावं लागे.

मग एक दुपार अशी आली, की आबा पोचले तेव्हा पडदे आधीच ओढलेले होते. फटीतून पाहिलं, तर गुंडी भोपळ्याच्या शेजारी गाढ झोपलेली. गालाखाली काही नाही. नुसता स्वतःचा हात.

बाईंनी खुणेनंच सांगितलं: आज तुमची वाट नाही पाहिली.

आबांनी मान हलवली. त्यांना आनंद झाला होता, अगदी खरा; फक्त त्या आनंदाचं करायचं काय, ते कळेना. ते ओसरीतल्या बाकावर बसले. डबा मांडीवर. इतका लांबून आणलाय तर वाया कशाला घालवा, म्हणून झाकण उघडलं. घडी कोमट होती. खाली वाकून त्यांनी नाक टेकवलं. ओलं सूत, खळ, जराशी करपलेली गोडसर वाफ. आयुष्यभर या वासात ते उभे राहिले होते. बसून तो त्यांनी कधी घेतलाच नव्हता.

दुकानात गिऱ्हाइकं खोळंबली, म्हणून बऱ्याच वेळानं मुलगी त्यांना शोधत आली. बाबा बाकावर भिंतीला टेकून झोपले होते, तोंड उघडं, एक पाय बाहेर. फडकं कुणीतरी त्यांच्या खांद्यावर घातलं होतं.

"बाबा, आहात का?" तिनं हळूच विचारलं.

उत्तरादाखल आबा नुसते घोरले. दाराच्या फटीतून तिनं आत पाहिलं, मग पुन्हा बाहेर. कुणाला आधी उठवावं, तिला ठरवता येईना. गिऱ्हाइकं थांबतील, ती मनाशी म्हणाली, आणि बापाच्या शेजारी उरलेल्या जागेत अंग चोरून बसली.